रंग अजून ओला आहे

"हा कोपरा परत घ्यावा लागेल," दारातूनच बाई म्हणाल्या.

रंगाऱ्याने वर पाहिलं. कोपरा आरशासारखा गुळगुळीत होता. उभा जन्म भिंती घासण्यात गेलेला माणूस तो. खोट असती तर बाईंच्या आधी त्यालाच दिसली असती. एरवी कुणी अशी नावं ठेवली असती तर ब्रश आपटून चालता झाला असता. आज मात्र त्याच्या जिवात जीव आला.

"घेतो की, मॅडम. चांगले दोन हात मारतो."

काम लांबलं की आणखी एक रात्र डोक्यावर छप्पर. त्याची राहती इमारत पाडायला काढली होती आणि नवीन जागांची भाडी ऐकूनच त्याला घाम फुटला होता. दुनियेची घरं रंगवणारा हा बहाद्दर स्वतः उघड्यावर आला. रोज संध्याकाळी लेकीचा फोन यायचा, "बाबा, पोचलात का घरी?" हा आपला ठोकून द्यायचा, "पोचलो, आत्ताच चप्पल काढली." चप्पल काढलेली असायची, तेवढं खरं.

आता तो रंगवत होता ती इमारत एका संस्थेने रस्त्यावर आलेल्या लोकांसाठीच उभारली होती. परवडेल एवढं भाडं, आणि औषधपाणी, नोकरी, कागदपत्रं, सगळ्यात संस्थेची माणसं पाठीशी. बाकी खोल्या भरल्या होत्या, वरची ही एवढी रंगवायची राहिली होती. आपणही खोली मागावी असं त्याच्या मनात यायचं, पण जीभ रेटायची नाही. ब्रश धरणाऱ्या हाताने हात पसरायचा कसा?

कंत्राटदाराने आधीच बजावलं होतं, "इथली रीत वेगळी आहे. रोज एक बाई येतील. त्या 'बरं झालं' म्हणतील तेव्हाच काम पुरं."

पहिल्याच सकाळी बाई आल्या त्या ऑफिस उघडायच्याही आधी. हा अजून वळकटी गुंडाळत होता. घाईघाईने ती डब्यांमागे ढकलली. खाई त्याला खवखवे. आता विचारतील, मग विचारतील, म्हणून तो रंगाचे डबे उगाच इकडचे तिकडे करत राहिला. पण बाईंनी छताकडे बघितलं, भिंतीवर हलकेच तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "रंग अजून ओला आहे."

तेव्हापासून रोज तेच. आज खिडकीची चौकट, उद्या दाराची मागची बाजू. विटलेली पण नीटस साडी, घट्ट अंबाडा, खांद्याला फुगलेली पिशवी. फायलींनी फुगली असणार, रंगाऱ्याने ठरवून टाकलं. बाई नळावर तोंड धुवायच्या, भिंतीला टेकून जराशा बसायच्या. बिचारीला किती इमारती पालथ्या घालाव्या लागत असतील, असं वाटून तो चहा मागवायचा. कप दोन्ही हातांत धरून त्या सावकाश प्यायच्या. असली किरकिरी बाई आपल्या वाट्याला आली याबद्दल तो मनोमन हात जोडायचा.

एका सकाळी त्याने सहज विचारलं, "मॅडम, ही खोली मिळणार कुणाला?"

"आहे कुणीतरी."

"ते सध्या कुठे राहतात?"

"बाहेरच." बाई खिडकीची कडी लावून बघत होत्या. "इतके दिवस काढलेत, आणखी थोडे काढतील. घाई नाही."

रंगाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. यांचं काय जातं म्हणायला! रात्री घरी जाऊन गादीवर झोपणार. पण राग निवला तसा तो स्वतःवरच उलटला. बाई नुसतं बोलल्या होत्या. त्या माणसाच्या जागेत झोपत तर तो स्वतः होता.

दिवसभर ब्रश चालेना. दुसऱ्या सकाळी बाई यायच्या आत त्याने वळकटी उघड्यावर आणून ठेवली.

"मॅडम, रंग केव्हाच वाळलाय. मी इथे चोरून झोपतो. मला जागा नाही. तुमच्या त्या माणसाला आजच आत आणा. माझी तक्रार करायची तर करा."

बाईंनी एकदा वळकटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दादा, एवढंच खाली ऑफिसात जाऊन सांगा. जसं मला सांगितलंत तसं. लाजू नका. इथे कुणी हसत नाही."

ऑफिस उघडताच तो खाली गेला. मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. व्यवस्थापकांनी ऐकून घेतलं, समोर खुर्ची सरकवली, पाणी दिलं. जिन्याजवळची छोटी खोली काल संध्याकाळीच रिकामी झाली होती. तिथल्या म्हाताऱ्याला मुलगा घेऊन गेला होता. आजपासून तिथे राहा, भाडं कमाईप्रमाणे बसवू, काम मिळवून द्यायलाही आम्ही आहोत, असं म्हणत त्यांनी किल्लीच हातावर ठेवली.

रंगाऱ्याचे डोळे भरून आले. आता लेकीला खरं सांगता येणार होतं.

"साहेब, तुमचे उपकार आहेतच," तो म्हणाला, "पण तुमच्या त्या तपासणीच्या मॅडम देवमाणूस आहेत. त्यांनी मला पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. एका शब्दाने बोलल्या नाहीत."

"तपासणीच्या मॅडम?" व्यवस्थापकांनी चष्मा वर केला. "आमच्याकडे असं कुणी नाही. राहणाऱ्याने पसंत केल्याशिवाय आम्ही खोली पुरी धरत नाही, म्हणून त्या बाई रोज बघायला येतात. खोली त्यांचीच आहे. रंग ओला आहे म्हणत अजून बसथांब्यावरच झोपतात."