वहीवाली

"आई, आली ती. खोका आता," शिवणवाली दबक्या आवाजात म्हणाली आणि नव्या मिक्सरवर तिनं चादर टाकली.

सासूबाई पलंगावर आडव्या होऊन खोकू लागल्या. बाई खरं तर ठणठणीत, पण गेले तीन मंगळवार हे काम त्यांनी मनावर घेतलं होतं. आज तर कण्हण्याचीही भर घातली. पलंगाखाली दोन शाळांच्या गणवेशांचे गठ्ठे कोंबलेले होते, त्यावरून त्यांची चादर जमिनीपर्यंत सोडलेली होती.

दारात वहीवाली उभी राहिली. अंगानं किडकिडीत, निळी वही छातीशी धरलेली.

तीन वर्षांपूर्वी संस्थेनं शिवणवालीला शिलाई मशीन दिलं होतं. आसपासच्या अडल्यानडलेल्यांना पायावर उभं करायचं, हे संस्थेचं काम. शिवणवाली उभी राहिली, चांगलीच उभी राहिली. घरात पंखा आला, कपाट आलं. आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. शेजारची इस्त्रीवाली म्हणाली, "ज्याचं बरं चालतं त्याचं मशीन संस्था उचलून नेते. त्या चांभाराचं नेलंच की!"

त्याच आठवड्यात संस्थेच्या बाईंची चिठ्ठी आली. 'दर मंगळवारी एक बाई तुमच्याकडे येतील. कसं चाललंय ते मोकळेपणानं सांगा. काही लपवू नका.'

ते शेवटचं वाक्य तिनं दोनदा वाचलं. आपल्याकडे लपवण्यासारखं काही आहे, हे त्यांना कळलं कसं? मशीन गेलं तर घर चार दिवसांत पूर्वीच्या जागी येणार होतं. धुणीभांडी, उसनवारी, सासूबाईंचं अर्ध्या पोटानं झोपणं. नको रे बाबा!

पहिल्या मंगळवारीच तिनं वहीवालीला पायापासून निरखलं होतं. चपलेचा तुटलेला पट्टा पिनेनं जोडलेला. ढोंग सगळं! गरिबाशी गरीब होऊन बोललं की माणूस सैल सुटतो, हे शिकवूनच पाठवत असणार. दुसऱ्या मंगळवारी पुढं ठेवलेली बिस्किटं बाईनं खाल्ली नाहीत, रुमालात बांधून पिशवीत टाकली.

"पुरावा नेला," ती गेल्यावर सासूबाई उठून बसत म्हणाल्या. "यांच्या घरी बिस्किटं असतात, याचा पुरावा."

तेव्हापासून नुसतं पाणी. तेही वहीवाली तळापर्यंत प्यायची.

आजही ती मशीनजवळ बसली. चाकावरून तिनं हलकेच हात फिरवला. शिवणवालीला ते मुळीच आवडलं नाही. हिची नजर मशीनवर आहे हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं.

"ताई, कॉलरचं टोक इतकं नीट कसं निघतं तुमचं?"

"टोकात दोरा अडकवायचा नि कापड उलटवताना ओढायचा. सुईनं उचकायचं नाही, फाटतं."

बाईनं ते लिहून घेतलं. यात लिहिण्यासारखं काय होतं, देव जाणे.

"दिवसाला किती कपडे होतात?"

"कसले कपडे नि कसलं काय! हात रिकामेच असतात."

पलंगावरून कण्हण्याचा आवाज आला. वहीवालीनं तिकडं पाहिलं, मग शिवणवालीकडं.

"ताई, खरं सांगा. मशीन आल्यावर काही तरी सुधारलं असेल ना? थोडं तरी?"

तिचा स्वर असा काही होता, की क्षणभर शिवणवालीला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पहिला गणवेश शिवला तेव्हा ती रडली होती, हेसुद्धा. पण चादरीखाली मिक्सरचं झाकण उंचवटा करून बसलं होतं. तिनं जीभ आवरली.

"काही नाही हो. उलट पूर्वी बरी होते. आता कर्जही झालंय, झोपही गेलीय."

वहीवालीचं पेन थांबलं. या वेळी तिनं काही लिहिलं नाही. शिवणवालीला बरं वाटलं. बाण बरोबर लागला होता.

पुढचे दोन मंगळवार तिनं हेच गाणं आणखी वरच्या पट्टीत गायलं. वहीवाली कमी विचारू लागली, लवकर उठू लागली. सातव्या मंगळवारी ती आलीच नाही.

त्या दिवशी दारात टेम्पो आला.

संस्थेच्या बाई उतरल्या, मागून दोन हमाल. शिवणवालीनं मशीनला अक्षरशः मिठी मारली. "नेऊ नका हो! हवं तर माझं कपाट न्या, मिक्सर न्या, पण हे नको!"

"अहो, नेतंय कोण?" बाई गोंधळल्या. हमालांनी टेम्पोतून एक कोरं मशीन उतरवून आत आणलं. "हे दुसरं, तुमच्यासाठी. दोन शाळांचं काम एका मशीनवर कसं उरकता? माझा भाचा त्यातल्याच एका शाळेत आहे, मला सगळं माहीत आहे."

"आणि त्या चांभाराचं नेलं ते?"

"त्यानं मोठं घेतलं नि जुनं स्वतः आणून दिलं."

सासूबाई खोकायचं विसरून ताडकन उठून बसल्या. शिवणवालीला हसू आणि रडू एकदमच आलं. सहा मंगळवारांचं ओझं उतरलं होतं.

"मग त्या वहीवाल्या बाई कशाला येत होत्या?"

"शिकायला." संस्थेच्या बाईंचा चेहरा उतरला. "हे मशीन तिचंच. दोन लहान लेकरं आहेत पदरात. म्हटलं, आम्ही नुसता उपदेश करण्यापेक्षा, जी यातून वर आली तिच्याकडंच हिला बसवावं. पहिल्या दिवशी किती खुशीत होती! काल मशीन परत करून गेली. कुठं गेली, तेही सांगितलं नाही. ही वही तेवढी तुम्हाला द्यायला सांगितली."

शिवणवालीनं वही उघडली. पानापानावर कॉलरी, बाह्या, खिसे, सगळं सुबक अक्षरात. शेवटच्या पानावर दोनच ओळी होत्या.

'ताईंच्या हातात इतकी कला आहे, तरी तीन वर्षांत त्यांना जमलं नाही. मला कुठून जमणार?'