चिंचेने घासलेला गडू

आईचा आवाज ऐकायला म्हणून रेवतीने आणलेला तांब्याचा गडू प्रयोगशाळेतल्या बोडसांनी उजेडात धरला. "याला चिंच लावलीत?"

रेवती ओशाळली. घरचं भांडं बाहेर द्यायचं तर लखलखीत करूनच, ही आईची शिस्त. आई गेल्यापासून गडू फळीवर काळवंडला होता. आज सकाळीच तिने तो घासला.

"ताई, आवाज धातूच्या अगदी वरच्या अणूंवर उमटतो. जुना थर गेला. तरी बघू."

यंत्राची सुई गडूच्या अगदी जवळ गेली, पण टेकली नाही. पडद्यावर अणूंच्या ओळी उगवल्या, ओहोटीनंतरच्या वाळूसारख्या. हळूहळू त्यांतून गुणगुणणं आलं. पाणी भरताना आई गायची, तेच. रेवतीने डोळे मिटले. खोलीभर ओल्या तांब्याचा वास पसरल्यासारखा वाटला.

इतक्यात गाण्यामागून रेवतीच्या मुलीची हाक आली, "आई, माझा डबा!"

बोडसांनी यंत्र थांबवलं. "म्हणजे हे गुणगुणणं आज सकाळचं, घासताना तुमचंच. पुसून टाकू?"

"नको," रेवती म्हणाली. "मला वाटायचं, आईच्या गाण्याची चाल मी विसरले. परत लावा."