काचेचा अंतरपाट

कापडाऐवजी काचेचा अंतरपाट धरायचा, हा शाल्मलीचाच हट्ट. काच तिच्याच प्रयोगशाळेतली: घड्याळाच्या सेलवर चालणारी, पापणी लवायच्या आत दुधाळची पारदर्शक होणारी.

"सावधान!" म्हणत भटजींनी बटण दाबलं.

कापड सरकायला दोन श्वास लागतात, तेवढ्यात चेहरे सावरतात. इथे तेवढाही वेळ नव्हता. पलीकडे तन्मय रडवेला होऊन मांडवाच्या दाराकडे बघत होता. तिला पाहताच तो घाईने हसला.

"हसू नकोस. जायचंय का तुला?"

त्याची नजर पुन्हा दाराकडे गेली. शाल्मलीने हातातला हार खाली घेतला.

"काका, काच पुन्हा दुधाळ करा," ती भटजींना म्हणाली, "आणि अजून एक मंगलाष्टक म्हणा. सावकाश. नंतर तो समोर असला, तरच हार घालीन."