बाबांचा उजवा पाय

दसऱ्याच्या सकाळी बाबा झेंडूचा हार घेऊन, काठी टेकत पार्किंगमध्ये उतरले. आजारपणानंतर पहिल्यांदाच. त्यांची जुनी सेडान पुढून विटांवर चढवलेली होती आणि पुढची चाकं भिंतीशी पडली होती.

"हिचे ब्रेक काढून माझ्या स्पोर्ट्स कारला बसवले," मी म्हणालो. "एकाच कंपनीच्या गाड्या. हिचे मोठे आहेत, जोरात पकडतात."

"मला विचारलं नाहीस."

"तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात, बाबा. आणि अर्धांगवायूनंतर तुम्ही कुठे गाडी चालवणार होतात?"

त्यांनी हार गाडीच्या आरशाला अडकवला, दार उघडलं आणि सावकाश ड्रायव्हरच्या सीटवर बसले.

घरी आल्यापासून तीन महिने ते रोज खुर्चीत बसून उजवा पाय भिंतीवर दाबायचे. कशासाठी, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"डॉक्टर काल म्हणाले, दिवाळीपासून चालवा," असं म्हणत त्यांनी ब्रेक दाबला. पेडल कुठेही न अडता थेट तळाला टेकलं.

ते तसेच पाय दाबून बसले.

"बघ," ते म्हणाले, "केवढा जोर आलाय पायात."