पलीकडचा पीळ

बोगद्याच्या तोंडाशी उपड्या घमेल्यावर बसून तिने केबलचं टोक मशीनला जोडलं. समोर खचलेल्या छताचा ढिगारा होता. ढिगाऱ्यापलीकडे तिचा नवरा, आणि त्याच्यासोबत खोदणारे दोघं.

सासू मागे उभी होती, चपला उलटसुलट घालून आलेली.

"लागतोय का गं?"

"फोन नाही हा, आई. लांबी मोजतेय."

केबल भिंतीच्या कडेने थेट बोगद्याच्या शेवटापर्यंत गेलेली होती. मशीन तिच्यात सिग्नल सोडायचं, तो पलीकडच्या टोकाला आपटून परत यायचा, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून लांबी कळायची. नवराबायकोचं रोजचंच काम. तो तिकडे टोक धरायचा, ती इकडे मोजायची. मध्ये काळोख, आणि काळोखातून जाणारी बोटाएवढी केबल.

पडद्यावर आकडा आला. सातशे पंच्याण्णव.

इंजिनिअर साहेब वाकले. "टाकली तर सातशेच मीटर होती."

"टेपने सातशे. केबलमध्ये सिग्नल जरा दमाने चालतो साहेब, म्हणून मशीनला जास्त दिसते." नवरा यावरूनच तिला चिडवायचा : तुझ्या माहेरच्या वाटेसारखं आहे बघ, जाताना एवढीशी, परत येताना संपता संपत नाही. "सकाळीही हाच आकडा होता. केबल तुटलेली नाही."

मग पडद्यावरच्या रेघेचं टोक हललं.

केबलचं पलीकडचं टोक मोकळं असलं की रेघ शेवटी वर उसळते. आतली तार बाहेरच्या जाळीला पिळून जोडली की ती खाली पडते. रेघ खाली पडली. वर उसळली. पुन्हा खाली, पुन्हा वर. मोजणीआधी तो नेहमी असंच करायचा, मी पोचलो, हे सांगायला.

"आहे," ती म्हणाली. मग ओरडली, "आहे, साहेब! टोकाशी आहे!"

साहेब धावले. वरच्या टेकडीवरून नेमक्या त्या जागी भोक पाडायचं ठरलं. यंत्र लावून खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होणार होती.

सासू तिच्या शेजारी मातीतच बसली. "काही खाल्लंस का, विचार ना त्याला."

"एवढं नाही बोलता येत, आई. आहे एवढंच सांगता येतं."

"तेवढं तर तो घरीसुद्धा बोलत नाही," सासू म्हणाली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. सुनेने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. वर टेकडीवर यंत्राची घरघर सुरू झाली.

सातशे शहाण्णव.

तिने जोड घट्ट केला, पुन्हा मोजलं. सातशे अठ्ठ्याण्णव. थोड्या वेळाने आठशे एक.

"वाढतोय गं!" सासू पुढे सरकली. "ताप वाढला तर वाईट. हे वाढलं तर बरंच की नाही? हातपाय हलवतोय म्हणजे."

सुनेने जोड पुन्हा चाचपला. केबल वाढत नसते. कापलेल्या टोकातून पाणी आत शिरलं, की सिग्नल तिथे रेंगाळतो, चिखलातून चालल्यासारखा, आणि मशीनला वाट लांबलेली दिसते. ते टोक त्याच्या खांद्याच्या उंचीवर खुंटीला बांधलेलं असायचं. खुंटी तिनेच ठोकायला लावली होती, त्याला वाकावं लागू नये म्हणून.

"बोल ना. बरंच ना?"

"हो, आई."

आठशे सहा.

रेघ एकदा वर थरथरली. मग खाली पडली. सून ती वर यायची वाट पाहत राहिली. रेघ आली नाही. पाण्याने रेघ अशी पडत नाही. पाण्याने ती ओघळते, डगमगते. ही एका झटक्यात पडली होती आणि पडली तिथेच ठाम होती. हाताने पिळलेली, पक्की, दोन वेढे जास्तीचे देऊन.

असा पीळ तो फक्त काम आटोपल्यावर घालायचा. तो पडद्यावर दिसला, की ती मशीन बंद करायची, डबे पिशवीत भरायची आणि पुढे निघायची. तो मागून यायचा.

सासूने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "काय गं? काय म्हणतोय?"

टेकडीवर यंत्र अजून घरघरत होतं.

"घरी जा म्हणतोय," ती म्हणाली, आणि मशीनचं बटण हाताने झाकून बसून राहिली, कुणी ते बंद करू नये म्हणून.