उन्हाळ्यातला फोटो

टेकडीमागच्या जमिनीवर कचरा डेपो होणार होता. उपग्रहाच्या चित्रांतले रंग पाहून शेत, कुरण, ओसाड जागा ओळखायला नकाशे बनवणाऱ्या आजीने संगणकाला शिकवले होते आणि त्याने ती जमीन ओसाड ठरवली होती. त्या जमिनीच्या नकाशावर आजीची सही घ्यायला आलेला इंजिनिअर भिंतीवरचा फोटो बघून म्हणाला, “नातू गोड आहे हो तुमचा!” नात फणकारली, “तो नातू मीच! उन्हाळ्यात उवा झाल्या म्हणून डोकं भादरलं होतं.” आजी खो खो हसली आणि मध्येच थांबली. उन्हाळ्यात ढग नसतात म्हणून तिने संगणकाला उन्हाळ्यातलीच चित्रे दाखवली होती. तिने लगेच पावसाळ्यानंतरचे चित्र उघडले. टेकडीमागे हिरवेगार कुरण होते. “अहो, साहेब खोळंबलेत, सही करा,” इंजिनिअर कुरकुरला. “खोळंबू देत. आधी संगणकाला पुन्हा शिकवते,” आजी म्हणाली. नातीने तोवर आपला दोन वेण्यांचा फोटो भिंतीवरच्या त्या फोटोशेजारी टांगला.