मनी प्लांटची बाटली

अठराव्या मजल्यावरच्या संबोधीला डेंग्यू झालाय, हे लिफ्टमध्ये लतिकाबाईंच्या कानावर आलं. पावसाळ्याच्या तोंडावर नायगावच्या बागकाम मंडळातर्फे त्या मजल्यावरच्या सगळ्या पोरांना मनी प्लांटच्या बाटल्या त्यांनीच दिल्या होत्या. 'दर रविवारी पाणी बदला, नाहीतर डास होतील,' असं दहादा बजावलंही होतं. पण ऐकतंय कोण? त्या तडक वर गेल्या.

"प्रिती, त्या बाटलीतलं पाणी बदलत होतीस ना गं?"

"मी कशाला, मावशी? पोरगीच बदलते. तुम्ही दिल्यापासून मला हातसुद्धा लावू देत नाही."

लतिकाबाईंचा जीव भांड्यात पडला. आत जाऊन त्यांनी संबोधीच्या तापलेल्या कपाळावर हात ठेवला. "शहाणी गं माझी बाय! पाणी बदलतेस ना?"

संबोधीने दाराकडे पाहिलं. आई स्वयंपाकघरात गेली होती.

"आजी, आईला सांगू नको हां. मी नाही बदलत. त्यात मासे झालेत. इवले इवले, काळे. पाणी ओतलं तर मरतील ना?"

लतिकाबाई खिडकीकडे धावल्या. बाटलीत जेमतेम दोन-चार वळवळत होते.

"आधी खूप होते," संबोधी म्हणाली. "पण तू रोपं वाटलीस ना, तसे मी पण मजल्यावर सगळ्यांच्या बाटलीत थोडे थोडे वाटले."